उसाचा दर, जिनिव्हातला वाद आणि तीन विषयांची पदवी

१४ डिसेंबर २०२१ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हा येथील एका तंटा पॅनेलने भारताविरुद्धचे अहवाल प्रसिद्ध केले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ मध्ये तक्रार केली होती. उसाला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली एफआरपी, ठरवून देणे आणि साखर बाहेर पाठवण्यासाठी कारखान्यांना पैसे देणे या दोन्ही मार्गांनी भारत शेतीविषयक करारातील मर्यादा ओलांडतो, असे त्यांचे म्हणणे होते. पॅनेलने ते जवळजवळ सर्वच मान्य केले. तरीही त्यानंतर कोल्हापूर, सांगली किंवा अहिल्यानगरमधील शेतकऱ्याच्या एफआरपीला धक्का लागला नाही. उलट २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये असलेला हा दर २०२५-२६ च्या हंगामासाठी ३५५ रुपये झाला.

भारत हरला कसा, आणि हरूनही काहीच का बदलले नाही, या प्रश्नांचे पूर्ण उत्तर अर्थशास्त्र, कायदा किंवा राजकारण यांपैकी कोणत्याही एका विषयाच्या पुस्तकात मिळत नाही. परदेशातील अनेक विद्यापीठांत आणि अलीकडे भारतातील काही संस्थांत पदवीच्या पातळीवर आंतरराष्ट्रीय राजकारण, कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवले जाते, ते याच कारणाने. हा अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय, हे अभ्यासपत्रिकांची नावे वाचून कळणे अवघड आहे; उसाच्या या वादातून ते अधिक स्पष्ट होते, म्हणून येथे तोच धरून चालू.

प्रथम थोडे मागचे. आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयाचे जगातील पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले, आणि पहिल्या महायुद्धासारखा संहार पुन्हा होऊ नये ही त्यामागची उघड प्रेरणा होती. विषयांची ही सांगड मात्र मराठी वाचकाला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केले, पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि त्याच काळात लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत कायदाही शिकले. पुण्यात १९३० मध्ये निघालेल्या गोखले संस्थेच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शेजारी शेजारी आहेत. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले. जिनिव्हातील वादाची मुळे ज्या सहकारी साखर उद्योगात आहेत, त्याच्या पायाशीच एक अर्थशास्त्रज्ञ उभा होता, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता अर्थशास्त्र. केंद्र सरकार ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार आणि कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून दर हंगामासाठी एफआरपी जाहीर करते. हा दर साखर उताऱ्याशी बांधलेला असतो आणि ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत तो चुकता करणे कारखान्यावर बंधनकारक असते. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, उत्तर प्रदेशात राज्य सरकार स्वतःचा वेगळा आणि जास्त दर जाहीर करते. हे तपशील सोडले तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने निष्कर्ष एकच उरतो. सोयाबीन किंवा कांद्याचा भाव कापणीच्या दिवशी काय असेल हे कोणी सांगू शकत नाही, उसाचा मात्र आधीच कळतो आणि गिऱ्हाईकही ठरलेले असते. त्यामुळे पाणी असेल तेथे, आणि मराठवाड्यासारख्या पाणी नसलेल्या भागातही, ऊस वाढत गेला. शिवाय आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि त्यानंतर खोडवा घेतला जातो, म्हणून साखरेचे भाव पडले तरी लागवड लगेच कमी होत नाही.

२०१७-१८ मध्ये देशात सुमारे ३२५ लाख टन साखर तयार झाली, आणि खप होता २५० लाख टनांच्या आसपास. साखरेचा भाव कोसळला. कच्च्या मालाचा दर सरकारने बांधलेला आणि पक्क्या मालाचा दर बाजारावर सोडलेला, या कात्रीत सापडलेल्या कारखान्यांकडे शेतकऱ्यांची देणी थकली. सरकारने जून २०१८ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरवली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती ३१ रुपये केली. पण गोदामातील साखर त्याने हलत नव्हती. ती बाहेर पाठवावी तर जागतिक बाजारात कच्च्या साखरेचा भाव २०१८ मध्ये पौंडाला दहा सेंटच्याही खाली गेला होता, जो दहा वर्षांतील नीचांक होता. मग २०१८-१९ च्या हंगामात ५० लाख टन निर्यातीचे लक्ष्य कारखान्यांना वाटून देण्यात आले, अटी पाळणाऱ्या कारखान्यांना गाळलेल्या उसावर क्विंटलला १३ रुपये ८८ पैसे मदत मिळाली आणि बंदरापर्यंतच्या वाहतुकीचा भारही काही अंशी सरकारने उचलला.

पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रात विद्यार्थी मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढतो तेव्हा त्याला हमीभावाखाली साचणारा अतिरिक्त माल दाखवला जातो. दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासात त्याला कळते की छोट्या देशाने निर्यातीला अनुदान दिले तर तोटा मुख्यतः त्या देशाच्याच तिजोरीला होतो, परंतु भारतासारखा मोठा उत्पादक तेच करतो तेव्हा जागतिक भावच खाली येतो आणि साओ पाउलोच्या किंवा क्वीन्सलँडच्या ऊस उत्पादकाचे उत्पन्नही घटते. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाची तक्रार येथून सुरू होते. कोणाचा किती तोटा झाला हे अर्थशास्त्र मोजू शकते. तो तोटा पोहोचवण्याचा अधिकार भारताला होता की नव्हता, हे ठरवण्याचे साधन त्याच्याकडे नाही.

ते कायद्याचे काम आहे, आणि माझ्या मते या पदवीतला सर्वांत कमी लेखला जाणारा भाग तोच आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नाही, म्हणून तो कायदाच नव्हे, असे बारावीनंतरचा हुशार विद्यार्थी हमखास म्हणतो. त्याला प्रथम आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ३८ वे कलम शिकवले जाते. करार, राष्ट्रांच्या वागण्यातून रूढ झालेला कायदा आणि कायद्याची सर्वसामान्य तत्त्वे हे नियमांचे मुख्य स्रोत आहेत आणि न्यायनिवाडे हे साहाय्यक साधन आहे, असे ते सांगते. त्यानंतर कराराचा अर्थ लावण्याचे नियम येतात. करार-कायद्याविषयीचा १९६९ चा व्हिएन्ना करार सांगतो की शब्दांचा अर्थ सद्भावनेने, त्यांच्या सर्वसाधारण अर्थाप्रमाणे, संदर्भासह आणि कराराचे उद्दिष्ट लक्षात घेऊन लावावा. भारत स्वतः या कराराचा सदस्य नाही, तरीही हे नियम रूढ कायदा म्हणून मान्य झालेले असल्याने भारताच्या खटल्यांतही तेच लागू होतात. सही न करता एखादा नियम देशावर बंधनकारक कसा होतो, हे एकदा समजले की विषयाचा निम्मा गड सर होतो.

उसाच्या वादात हे वाचन फार बारकाईने झाले. शेतीविषयक कराराने सरकारी आधाराला कमाल मर्यादा घातली आहे. विकसनशील देशाला एखाद्या पिकासाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत आधार देता येतो, विकसित देशाला ५ टक्क्यांपर्यंत. मात्र १९९४ च्या वाटाघाटींत ज्या देशांनी आपली जुनी मोठी अनुदाने नोंदवून ती कमी करण्याचे मान्य केले, त्यांना या टक्केवारीच्या वर आणखी सवलत उरली. अमेरिकेची अशी मर्यादा वर्षाला सुमारे १९.१ अब्ज डॉलर आहे. भारताला ती जागा नाही, त्याच्यासाठी १० टक्के हीच भिंत. हा असमतोल कायद्याने निर्माण केला आहे, आणि त्यावर टीका करायची तरी आधी करार वाचावा लागतो.

भारताचा मुख्य युक्तिवाद सामान्य बुद्धीला पटणारा होता. एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो; सरकारच्या तिजोरीतून दमडीही जात नाही; सरकार ऊस विकतही घेत नाही; मग त्याला सरकारी आधार कसा म्हणायचा? पॅनेलने करारातील सूत्राकडे बोट दाखवले. सरकारने ठरवलेला दर आणि १९८६ ते १९८८ या वर्षांवर बेतलेला स्थिर संदर्भ-दर यांतील फरकाला त्या दरास पात्र असलेल्या उत्पादनाने गुणायचे, असे ते सूत्र आहे. पैसे कोणी मोजले हा प्रश्न त्यात येत नाही. सरकारने हुकमाने दर वर ठेवला तर ग्राहकाच्या किंवा कारखान्याच्या खिशातून शेतकऱ्याकडे रक्कम जाते, आणि करार तिलाच ‘बाजारभाव आधार’ म्हणतो. या हिशेबाने २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत आधार १० टक्क्यांच्या बराच पुढे गेला होता, असा निष्कर्ष निघाला. उत्पादन साहाय्य, राखीव साठा आणि विपणन-वाहतूक या योजनांतील मदत निर्यातीच्या अटीशी जोडलेली असल्याने ती निषिद्ध निर्यात-अनुदान ठरली आणि १२० दिवसांत मागे घेण्याची शिफारस झाली. गहू-तांदळाच्या सरकारी साठ्याला २०१३ च्या बाली परिषदेने दिलेले संरक्षण अन्नसुरक्षेसाठीच्या मुख्य अन्नधान्यांपुरते आहे. साखर त्यात बसत नाही.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या संदर्भ-दराशी आजच्या दराची तुलना करणे आर्थिकदृष्ट्या विचित्र आहे, कारण महागाई वाढली की आधारही फुगलेला दिसतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबून हरकत घेईल आणि ती रास्त असेल. कायद्याचा विद्यार्थी त्याला सांगेल की पॅनेलचे काम करार लागू करण्याचे आहे, सुधारण्याचे नाही. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोन्ही उत्तरे एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात एका वेळी राहावीत हाच विषय एकत्र शिकवण्याचा हेतू आहे.

यानंतर भारताने काय केले ते राजकारणाशिवाय कळत नाही. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील दाखल केले, पण ज्या अपील मंडळाकडे ते जायला हवे, ते अस्तित्वात असूनही कामच करत नव्हते. या मंडळावर सात सदस्य असतात आणि अपील ऐकायला किमान तीन लागतात. अमेरिकेने काही वर्षे नव्या नेमणुकांना संमती दिली नाही, आणि ११ डिसेंबर २०१९ पासून केवळ एकच सदस्य उरला. २०२० च्या अखेरीस त्याचीही मुदत संपली.

येथे नियमांतील एक खाच पाहण्यासारखी आहे. १९९५ पूर्वीच्या व्यवस्थेत हरलेला देशच निकालाची स्वीकृती अडवू शकत असे. ते टाळण्यासाठी नवा नियम केला गेला की सर्व सदस्यांनी एकमताने नाकारला नाही तर पॅनेलचा अहवाल आपोआप स्वीकारला जाईल, म्हणजे जिंकलेल्या देशानेही नको म्हटल्याखेरीज निकाल रोखता येणार नाही. मात्र त्याच व्यवस्थेत अपील सदस्यांच्या नेमणुकीला सर्वांची संमती लागते आणि अपील प्रलंबित असेपर्यंत अहवालाची स्वीकृती थांबते. या दोन तरतुदी एकत्र आल्या की एक बलाढ्य देश मंडळ रिकामे ठेवू शकतो आणि त्यानंतर कोणताही हरलेला देश रिकाम्या मंडळाकडे अपील करून निकाल अधांतरी ठेवू शकतो. भारताने हेच केले, पण असे करणारा तो एकटा देश नाही. युरोपीय संघ आणि इतर काही सदस्यांनी २०२० मध्ये लवादाची पर्यायी अपील व्यवस्था उभी केली. भारत तिच्यात सामील नाही.

वास्तववादी पंथाचा अभ्यासक यावरून म्हणेल की शेवटी बळ चालते, नियम शोभेचे. उदारमतवादी पंथाचा अभ्यासक विचारेल की नियम शोभेचे असतील तर भारताने वकील उभे करून शेकडो पानी युक्तिवाद का केला, आणि अहवालाकडे सरळ दुर्लक्ष न करता अपिलाचा मार्ग का निवडला? मला दुसरा प्रश्न अधिक कामाचा वाटतो. २०१९ च्या कुलभूषण जाधव प्रकरणात भारत आंतरराष्ट्रीय कायद्याच्याच आधारे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकला. वकिलातीतील अधिकाऱ्यांना भेटू देण्याचा हक्क पाकिस्तानने डावलला, असा निर्णय पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी झाला. एका ठिकाणी ज्या व्यवस्थेचा आधार घ्यायचा, ती दुसऱ्या ठिकाणी उघडपणे झिडकारणे कोणत्याही सरकारला परवडत नाही.

तक्रारदार कोण होते हेही पाहावे. ब्राझील ब्रिक्समध्ये भारताचा भागीदार आहे, आणि २००३ च्या कानकून परिषदेत श्रीमंत देशांच्या शेती अनुदानांविरुद्ध दोघे एकाच गटात होते. ऑस्ट्रेलिया क्वाड या चार देशांच्या गटात भारतासोबत आहे, आणि पॅनेलचा अहवाल येऊन चार महिने होण्याआधीच, २ एप्रिल २०२२ रोजी, त्याने भारताशी व्यापार करार केला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जैवइंधनाची आघाडी जाहीर झाली तेव्हा भारत आणि ब्राझील दोघेही संस्थापकांत होते, आणि त्यामागे उसापासूनच्या इथेनॉलचे हितसंबंध होते. मैत्री आणि खटला एकाच वेळी चालतात हे वृत्तपत्रे वाचून विसंगत वाटते, विषयवार हितसंबंध वेगळे करून पाहिले की वाटत नाही.

देशांतर्गत राजकारण तर बाजूला ठेवताच येत नाही. एफआरपीचा लाभ ठरावीक पट्ट्यातील संघटित शेतकऱ्यांना ठळकपणे मिळतो, तिचा खर्च देशभरच्या ग्राहकांत किलोमागे थोडा थोडा वाटला जातो. म्हणून बाजूने आंदोलन होते, विरोधात होत नाही. साखर कारखान्याची निवडणूक आणि विधानसभेची निवडणूक यांचे नाते पश्चिम महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उसाचा दर साखरेच्या उत्पन्नाशी जोडण्याची शिफारस केली होती, जी जिनिव्हातील अडचणही बऱ्याच अंशी सोडवू शकली असती, पण देशभर एफआरपीच्या जागी ती पद्धत आणण्याचे धाडस कोणत्याही केंद्र सरकारने केलेले नाही. पुन्हा राज्यघटनेने शेती राज्यांकडे दिली आहे आणि २५३ व्या कलमाने आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीचा अधिकार संसदेला दिला आहे. करार दिल्लीने करायचा आणि परिणाम शिरोळच्या शिवारात दिसायचे, हा ताण घटनात्मक आहे. गंमत अशी की, जून २०२२ पासून देशात साखर कमी पडेल या भीतीने सरकारने निर्यातीवरच निर्बंध घातले. ज्या निर्यात-अनुदानांवर खटला झाला होता, त्यांची गरजच तोवर उरली नव्हती.

हे सारे पदवीच्या तीन-चार वर्षांत कसे बसते? पहिल्या वर्षी तिन्ही विषय स्वतंत्रपणे येतात आणि विद्यार्थ्याला त्यांच्यात काही नाते दिसत नाही, याने घाबरून जाऊ नये. सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विसाव्या शतकाचा राजनैतिक इतिहास, संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद, कायद्याची प्राथमिक संकल्पना, असा हा पाया असतो. दुसऱ्या वर्षापासून व्यापार, चलन, मानवी हक्क, समुद्रविषयक कायदा, हवामान करार अशा क्षेत्रांत तिन्ही दृष्टी एकत्र येऊ लागतात, आणि शेवटच्या वर्षी बहुधा एक प्रबंध लिहावा लागतो. सर्वांत जास्त विद्यार्थी अडखळतात ते गणितात. कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने कलनशास्त्राची आणि संख्याशास्त्राची मूलभूत तयारी बारावीनंतरच्या सुट्टीत केली तर पहिले सत्र सुसह्य होते. दुसरी अडचण वाचनाची. करार आणि निवाडे सारांशावरून शिकता येत नाहीत, मूळ मजकूर वाचण्याची सवयच लावून घ्यावी लागते.

महाराष्ट्रात नेमक्या या नावाची पदवी सहजी मिळत नसली तरी मार्ग आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतरच्या रचनेत अर्थशास्त्र मुख्य आणि राज्यशास्त्र गौण विषय म्हणून घेता येतो, किंवा उलट. कायद्याची ओढ असेल तर राज्याच्या विधी सीईटीने किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेने पाच वर्षांच्या बी. ए. एलएल. बी.ला प्रवेश घेता येतो, ज्यात सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा सक्तीचा असतो आणि राज्यशास्त्र-अर्थशास्त्रही असते. एक गोष्ट मात्र पालकांनी प्रवेशापूर्वीच तपासावी. राजकारण, कायदा व अर्थशास्त्र यांची एकत्रित पदवी, देशातील असो वा परदेशातील, वकिलीची सनद देत नाही. त्यासाठी भारतीय वकील परिषदेने मान्य केलेली विधी पदवीच लागते, आणि परदेशी विधी पदवी असेल तर मान्यतेबरोबर पात्रता परीक्षाही द्यावी लागते. भारतीय परराष्ट्र सेवा आणि भारतीय व्यापार सेवा या दोन्हींची भरती नागरी सेवा परीक्षेतून होते, तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. भारतीय आर्थिक सेवेसाठी मात्र अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी हवी.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकावरील विषयांच्या यादीपेक्षा एकच चौकशी अधिक उपयोगी पडते: एखादा खरा वाद घेऊन त्याचा करार, त्याचे आकडे आणि त्यामागची सरकारे एकाच वर्गात, एकाच निबंधात तपासायला लावणारी अभ्यासपत्रिका तेथे आहे का. ती नसेल, तर तीन पुस्तके स्वतंत्र वाचणे स्वस्त पडेल.